चार इंचांचा कोबा

दुधाच्या पातेल्यावरची झाकणी आपोआप किणकिणली.

दुपारची वेळ. मुलगी नुकतीच झोपली होती. घरात अशी शांतता होती की मोठ्याने श्वास सोडायचीही भीती वाटावी. गॅस बंद होता, दूध कधीच निवलं होतं. तरी झाकणी किणकिणत राहिली. मग ओट्यावरचे चमचे थरथरले, आणि मग जमिनीतूनच घरघर वर आली.

शेजारच्या गॅरेजात जमीन फोडायचा ब्रेकर सुरू झाला होता.

“लागले एकदाचे फोडायला,” ती पुटपुटली.

हे सगळं तिच्यामुळेच चाललं होतं. पाच वर्षांच्या मुलीचा हात धरून काल ती पोलीस चौकीत गेली होती. शेजारच्या मावशी दहा दिवस दिसलेल्या नाहीत, असं तिने फौजदारांना सांगितलं. त्यांच्याच घरात राहणारा भाचा म्हणतो, मंगळवारी सकाळी बॅग भरून मैत्रिणीकडे राहायला गेल्या. मावशींच्या फोनवरून तिला निरोपही आला होता : ‘सगळ्याचा कंटाळा आलाय. शोधू नका.’ पण मावशी दोन दिवस परगावी निघाल्या तरी आधी झारी घेऊन तिच्या दारात यायच्या. कुठल्या कुंडीला किती पाणी, हे मुलीकडून तीनदा म्हणून घ्यायच्या. या वेळी झारी नाही, सूचना नाहीत, काहीच नाही. शेवटच्या दिसल्या त्या रविवारी दुपारी. आणि सोमवारी सकाळी गॅरेजात नवा कोबा पडला.

“कोबा म्हणजे?” फौजदारांनी कान कोरत विचारलं.

“काँक्रीटची जमीन.”

“तुम्हाला काय कळतं हो त्यातलं?”

“सहा वर्षं काँक्रीट तपासायच्या प्रयोगशाळेत होते. ठोकळे यंत्राखाली दाबायचे, किती भाराला फुटतात ते नोंदवायचं.”

“आणि आता?”

“आता घरी असते.”

“वाटलंच,” फौजदार म्हणाले. शिपायाकडे बघून त्यांनी डोळा मारला. “ठोकळेबाईंना काँक्रीटखाली मावशी दिसतायत. लिहून घे.”

लिहून घेतलं ते तिच्या शब्दाला मान देऊन नव्हे. भाच्याने स्वतःच चौकीत फोन करून सांगितलं होतं, “फोडा साहेब, खुशाल फोडा. लोकांच्या मनातलं भूत एकदाचं उतरू दे.”

मुलगी डोळे चोळत बाहेर आली. “आई, आपलं घर हलतंय.”

“हलत नाहीये गं. चल, चप्पल घाल.”

* * *

गॅरेजात धुरळा उडाला होता. सहा मीटर लांब, चार मीटर रुंद जागा. मधला कोबा फोडून ढेकळं भिंतीला लावली होती. तीन हवालदार खालचा भराव उकरत होते. खाली माती, खडी आणि आणखी माती. कमरेइतका खड्डा झाला तरी दुसरं काही नाही.

भाचा दाराशी उभा होता. अंगावर कडक इस्त्रीचा शर्ट, सेंटचा असा घमघमाट की शिंक यावी. पस्तिशीचा घोडा, पण चेहरा सदा शाळेत पहिला आलेल्या मुलाचा. आईवडील गेले तेव्हा हा पाच वर्षांचा होता. मावशींनी लग्न केलं नाही, याला वाढवलं. मावशींच्या ताटात जेवून त्याच ताटाला नावं ठेवायची त्याची सवय साऱ्या गल्लीला ठाऊक होती. आज मात्र तो हवालदारांना स्वतःच्या हाताने चहा देत होता. दोन्ही तळव्यांना पट्ट्या होत्या, त्यामुळे कप बोटांच्या टोकांनी धरत होता.

“या वहिनी,” तो म्हणाला. गोड बोलायला लागला की मुंगळे लागावेत. “बघून घ्या नीट. कोपरे राहिलेत का बघा. आपल्या समाधानासाठी भिंतीही पाडू.”

हवालदार हसले.

“हाताला काय झालं?” तिने विचारलं.

“सिमेंट चावलं हो. मिस्त्रीला जरा मदत करायला गेलो, तर ही गत. आम्हाला कुठली सवय!”

फौजदार खड्ड्याच्या काठावर आले. “काय ठोकळेबाई? झालं समाधान? सरकारी तीन माणसं, एक यंत्र, अख्खी दुपार. आणि बिचाऱ्याचा नवा कोरा कोबा गेला तो वेगळाच.”

“जाऊ द्या साहेब,” भाचा म्हणाला. “घरी बसून माणसाचं डोकं भलतीकडे धावतं. यांना तरी काय दोष द्यायचा?”

तिची कानशिलं तापली. उत्तर द्यायचं सोडून तिने वाकून एक ढेकूळ उचललं. सवयच ती. वरचा भाग गुळगुळीत, खालचा खडबडीत. तुटलेल्या कडेला खडी नीट धरलेली. माल चांगला होता, पाणीही भरपूर प्यायलेला होता.

पण जाडी?

“टेप द्या हो जरा,” ती हवालदाराला म्हणाली.

“आता काय वजनही करणार?” फौजदार म्हणाले.

तिने टेप लावला. चार इंच. दुसरं ढेकूळ घेतलं. चार इंच. कडेचं, मधलं, दारापाशी उरलेलं, सगळीकडे चारच.

“कोबा चार इंचांचा कसा?” तिने भाच्याला विचारलं. “सहा इंचांचा ठरला होता.”

क्षणभर, अगदी डोळा लवेपर्यंत, पहिल्या नंबरच्या मुलाला उत्तर आठवेना.

“मावशीच म्हणाली ऐन वेळी, चार पुरे. मिस्त्रीशी तीच बोलली.” त्याने खांदे उडवले. “तुम्हाला काय एक एक सुचतं वहिनी!”

फौजदारांनी टोपी डोक्यावर चढवली. “पाच वाजता मी फाइल बंद करतोय. प्रौढ बाई, स्वतःच्या मर्जीने घर सोडून गेली. आता तिच्याबद्दल एक शब्द काढाल तर हे तुमच्यावर तक्रार करतील, आणि ती मी आवडीने लिहून घेईन. कळलं?”

कळलं तिला. पाच वाजले की मावशी कायमच्या ‘कंटाळून निघून गेलेल्या बाई’ होणार होत्या. पुन्हा कोणी त्यांना शोधणार नव्हतं. ज्या बाईने उभं आयुष्य दुसऱ्याच्या पोराला वाहिलं, तिच्या नावावर हा कागद लागणार होता.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

* * *

ती बाहेर पडली तेव्हा मुलगी अंगणात उकिडवी बसली होती. समोर मावशींच्या कुंड्या. एकूण एक वाळलेल्या. गुलाब काडी झालेला, एरवी तुळतुळीत पानांचा मनीप्लांट भिंतीवर चिंधीसारखा लोंबत होता.

“सगळी मेली,” मुलगी म्हणाली. “काका झाडांना पाणीच देत नाहीत.”

“त्याला कशाला एवढं भान असेल!” तिच्या तोंडून तिरस्कार निसटलाच. “नळी तर तिथेच पडलीय.”

“नळीने देतात ना. पण झाडांना नाही. नुसत्या मातीला.”

“कोबा भिजवत असतील गं. नवा कोबा दहा दिवस ओला ठेवावा लागतो.”

“गॅरेजमध्ये देतात ते वेगळं,” मुलगी वैतागून म्हणाली. मोठ्या माणसांना सगळं दोनदा सांगावं लागतं, हे तिला या वयातच कळलं होतं. “नंतर मागे येतात आणि त्या मातीला देतात. सकाळी देतात, दुपारी देतात. मी खिडकीतून बघते.”

गॅरेजच्या मागच्या दारापासून पाच पावलांवर, कुंपणाच्या भिंतीलगत, मातीचा चौकोन होता. बाकी अंगण उन्हाने पांढरं पडलेलं. हा तेवढा काळा, ओलाकच्च. त्यात रोप नाही, बी नाही, गवताचं पातंही नाही.

ती उभी राहिली. मग मुलीला झटकन उचलून कडेवर घेतलं आणि चालायला लागली. मुलगी आता जड लागत होती, पण पाय थांबले नाहीत.

* * *

मिस्त्री दोन गल्ल्या सोडून एका अर्धवट इमारतीवर होता. पन्नाशीचा, वाळका, तोंडात बिडी. तिच्या कडेवरची मुलगी बघून त्याने बिडी विझवली.

“कोबा फोडला म्हणे,” तो म्हणाला. “इतका चांगला धरला होता हो, ताई.”

“चार इंचच का टाकलात?”

“मी?” मिस्त्री उसळला. “मी सहाच्या फळ्या लावून ठेवल्या होत्या रविवारी सकाळी! सोमवारी गेलो तर भाचेराव म्हणाले, भराव वाढव आणि चारवर आण. म्हटलं, साहेब, गाडी उभी करणार की सायकल? तर म्हणाले, सांगितलं तेवढं कर. करतो म्हटलं. तडे मोजायला मलाच बोलवाल.”

“मावशी काय म्हणाल्या?”

“मावशी? दिसल्याच नाहीत. डोकं दुखतंय, आत पडल्यात म्हणाले.”

“तुमच्याशी बोलल्या नाहीत?”

“एक अक्षर नाही. नाहीतर त्या माउलीने चारला हो म्हटलं असतं होय? शनिवारी फोनवर माझं डोकं खाल्लं, सहा म्हणजे सहा.”

“मिक्सर गाडीतून माल किती आला?”

“चार घनमीटर. मावशींनीच शनिवारी सांगून ठेवला होता.”

हे तिला माहीत होतं. शनिवारी तिच्याच ओट्याशी बसून दोघींनी हिशेब मांडला होता : सहा मीटर, चार मीटर, सहा इंच जाडी. साडेतीनच्या थोडं वर येतं, सांडलवंड धरून चार मागवा. “गॅरेज त्याचं होऊ दे,” मावशी तेव्हा हसून म्हणाल्या होत्या, “घर मात्र मी असेतो माझं. विकायचं नाव काढतो मेला.”

“मग पुष्कळ उरला असेल माल,” ती म्हणाली.

“दीड घनमीटर तरी. मागच्या दाराशी पत्र्यावर ढीग ओतून घेतला त्यांनी. मागे वाट करायचीय म्हणाले. म्हटलं, आम्ही करतो. नको म्हणाले.”

“तुम्ही तिथे असताना केली का वाट?”

“नाही ना. कोबा ओतून सपाट केला की पाणी वर येतं. ते आटेपर्यंत थापी मारायची नसते, नाहीतर वरचा पापुद्रा सुटतो. दोन-तीन तास थांबावं लागतं. एरवी आम्ही तिथेच डबा खातो. त्या दिवशी हाकलून दिलं, बाहेर जाऊन जेवा म्हणून. परत आलो तर ढीग गायब. आणि भाचेराव घामाने असे निथळत होते, जणू यांनीच कोबा घातला.”

“ते म्हणतात, तुम्हाला मदत करताना हात सोलले.”

“मदत?” मिस्त्रीने थुंकून टाकलं. “माझ्यादेखत त्या माणसाने बुटाला ठिपका लागू दिला नाही.”

“पाणी मारायला तुम्हीच सांगितलं होतं?”

“सांगितलं म्हणजे, भीतीच घातली! असले पांढऱ्या कॉलरचे लोक समजतात की कोबा वाळला की झाला. म्हटलं, दिवसातून दोनदा भिजवा, दहा दिवस. पाणी तोडलंत तर आरपार तडे जातील.”

तिने मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं. “मिस्त्री, गॅरेजच्या मागे पूर्वी काय होतं?”

मिस्त्री बोलायला गेला आणि थांबला. विझलेली बिडी बोटांतून खाली पडली.

“जमिनीतली जुनी टाकी,” तो हळू आवाजात म्हणाला. “पावसाचं पाणी साठवायची. बारा वर्षं कोरडी आहे.”

* * *

पावणेपाचला ती परत आली तेव्हा फौजदार मावशींच्याच खुर्चीत बसून कागदावर सही करत होते. भाचा शेजारी अदबीने वाकलेला.

“पुन्हा?” फौजदार म्हणाले. “आता काय, छत फोडू?”

“एकच प्रश्न विचारते यांना. मग तक्रार लिहून घ्या.” तिने भाच्याकडे पाहिलं. “मागची वाट कुठाय?”

“कसली वाट?”

“मिस्त्रीला सांगितलीत ती. उरलेल्या मालाची. दीड घनमीटर काँक्रीट होतं, मुठीत लपवण्याजोगं नाही. दाखवा ना, कुठे टाकलीत?”

“ती... नंतर विचार बदलला. फेकून दिलं.”

“कुठे?”

“बाहेर. कचऱ्यात.”

“कोणी नेलं? गाडी कोणाची?”

भाचा हसला, पण हसू एकाच गालावर आलं. “साहेब, या बाईंना आवरा.”

फौजदारांनी पेनचं टोपण लावलं नाही. मूर्ख होते, पण इतकेही नव्हते. “बोला,” ते तिला म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी ठोकळेबाई म्हटलं नाही.

“मावशी मंगळवारी गेल्याच नाहीत,” ती म्हणाली. “रविवारी सकाळी मिस्त्रीने सहाच्या फळ्या लावल्या. सोमवारी सकाळी यांनी त्या चारवर आणल्या. मावशींनी सांगितलं म्हणतात, पण मिस्त्रीला त्या दिसल्यासुद्धा नाहीत. म्हणजे रविवार दुपार आणि सोमवार सकाळ यांच्यामध्ये यांना अचानक काँक्रीट हवं झालं. गॅरेजासाठी नव्हे, दुसऱ्या कशावर तरी घालायला. जास्त मागवलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं कशाला. म्हणून येणाऱ्या मालातूनच चोरलं. स्वतःच्याच कोब्यातले दोन इंच.”

“कथा सांगतायत,” भाचा म्हणाला.

“मिस्त्रीला जेवायला बाहेर पाठवलं. तीन तासांत एकट्याने ढीग फावड्याने ओढला. जन्मात फावडं न धरलेले हात, सोलणारच. सिमेंट चावलं म्हणाले, मिस्त्रीला मदत केली म्हणाले. मिस्त्री बाहेर उभा आहे, विचारा.”

मिस्त्री दारातूनच म्हणाला, “बुटाला ठिपका लागू दिला नाही साहेब.”

“आणि मग आज तुम्हाला हौसेने गॅरेज फोडायला दिलं,” ती पुढे म्हणाली. “कारण तिथे काही नाही हे यांनाच सगळ्यात चांगलं माहीत होतं. एकदा खोदून हात हलवत परत गेलात की पुन्हा कोण येतंय? तुम्हाला चहाही पाजला.”

फौजदारांनी समोरच्या कपाकडे पाहिलं आणि तो बाजूला सारला.

“सगळं जमलं होतं यांचं. फक्त मिस्त्रीने भीती घातली, पाणी तोडलंत तर तडे जातील. खाली काय आहे ते माहीत असलेला माणूस तड्याला किती घाबरेल? दहा दिवस दोन्ही वेळा भिजवलं. ज्या बाईने वाढवलं तिची झाडं डोळ्यांदेखत वाळू दिली. तीच नळी, तोच हात. एक पाऊल बाजूला सरकला असता तरी गुलाब वाचला असता. पण पाणी घातलं ते रिकाम्या मातीला. त्या मातीखाली तो उरलेला माल आहे, आणि मालाखाली बारा वर्षं कोरडी असलेली टाकी.”

“टाकीचं तोंड मी कधीच बुजवलंय,” भाचा म्हणाला. आवाज बारीक झाला होता. “लहान मुलं पडतात म्हणून. शेजारच्या वहिनींचीच मुलगी इथे खेळते. तिच्या काळजीपोटी...”

“तिचं नाव काढू नकोस,” ती म्हणाली.

फौजदार उठले. “कधी बुजवलंत?”

“वर्ष... वर्ष झालं.”

“मिस्त्री, वर्षाचा कोबा आणि दहा दिवसांचा, कळतो का फोडल्यावर?”

“आंधळ्यालाही कळेल साहेब.”

मग पहिल्या नंबरचा मुलगा खाली बसला. घरंगळलाच म्हणा. “मी काही केलं नाही,” तो म्हणाला. “तीच हट्टाला पेटली होती. घेणारा माणूस ठरला होता, आणि ही म्हणते मी मेल्यावर वीक. मी फक्त हात झटकला. ती ओट्यावर आपटली. माझी काय चूक? सगळं आयुष्य तिने मला असंच अडकवून ठेवलं!”

तिने त्याच्याकडे पाहिलं. काल चौकीत, आज गॅरेजात तिला या माणसाचा राग आला होता. आता तोही उरला नाही. चपलेच्या तळाला काही लागलं तर माणूस ज्या नजरेने बघतो, तेवढीच तिची नजर त्याच्यावर राहिली.

ब्रेकर मागच्या अंगणात नेला, तेव्हा ती मुलीला घेऊन घरी आली. खिडक्या लावल्या. मुलीला भात कालवून दिला आणि आवाज थांबेपर्यंत तिला एका मागून एक गोष्टी सांगत राहिली, एकही पुरी न करता.

सव्वासहाला दारावर टकटक झाली. फौजदार होते. टोपी हातात.

“सापडल्या,” ते म्हणाले. मग घसा खाकरला. “वरिष्ठांना कळवताना मी असं लिहिणार की पोलीस तपासात निष्पन्न झालं. तुमची काही हरकत...”

“लिहा,” ती म्हणाली. “फक्त ‘कंटाळून गेल्या’ हे खोडा.”

“खोडलं.” ते थोडे घुटमळले, आणि गेले.

तिने दार लावलं. वळली तर मुलगी मागेच उभी होती, तोंडाला भाताची शितं. सगळं ऐकलं होतं तिने, किंवा पुरेसं.

तिने खाली बसून पदराने तिचं तोंड पुसलं. काय सांगायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं : मावशींना लागलं होतं, आता दुखत नाहीये. ते सांगितलं. मुलीने मान हलवली. मग बराच वेळ ती आईच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत राहिली.

“आई,” ती म्हणाली, “मावशीने काकाला आणलं, तेव्हा तो माझ्याएवढा होता ना?”

“हो.”

“तेव्हा पण तो वाईट होता का?”